पाणी धाकट्याचं

येरेव्हानच्या कोपऱ्याकोपऱ्यावर
कंबरेएवढे दगडी नळ आहेत, रात्रंदिवस वाहते.
पुलपुलाक म्हणतात त्यांना. नाव घेतानाच
घशातून एक घोट उतरतो.

सतरा वर्षं वार्डगेसनं ट्रॉलीबस चालवली.
शेवटच्या वर्षी तो प्रत्येक नळापाशी थांबू लागला.
दार उघडं, प्रवासी शिव्या देतायत
आणि हा वाकून पितोय, पितोय,
कॉलर चिंब.
दिवसाला चौदा लिटर. रात्री पाचदा उठून नळाला तोंड,
पाचदा संडास. जसं आत तसं बाहेर, रंगसुद्धा न बदलता,
मधे माणूस म्हणजे नुसती पन्हळ.
साखर तपासली. साखर नव्हती.
बायको हासमिक म्हणाली, कुणाची तरी नजर लागली.

नजरच होती एका अर्थी.
डोळ्यांमागे, जिथे दोन्ही नजरांच्या नसा
एकमेकींना ओलांडतात, त्याखाली
हरभऱ्याएवढी ग्रंथी, आणि तिच्या देठाला गाठ.
ही ग्रंथी मूत्रपिंडांना निरोप धाडते :
थोडं राखून ठेवा.
निरोप पोचेनासा झाला होता.

गाठ काढली. शुद्धीवर आला तेव्हा
नर्सनं ओठांवरून ओला बोळा फिरवला.
त्यानं तोंड फिरवलं.
गाठीबरोबर तहानही गेली होती.

तहानभूक हरपून कामं करणाऱ्यांचं कौतुक होतं.
याची नुसती तहान हरपली, भूक शाबूत;
जर्दाळू समोर ठेवले तर बिया तेवढ्या उरतात.
तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणणाऱ्यांनी
असा माणूस धरलाच नव्हता,
ज्याच्या दारात विहीर आहे आणि तहान लागतच नाही.

पहिल्या जुलैत हासमिक बहिणीकडे ग्युमरीला गेली,
तीनच दिवस. परतली तेव्हा तो खुर्चीत,
जीभ चामड्यासारखी, सोडियम एकशे त्रेसष्ट.
तिला त्यानं आईच्या नावानं हाक मारली,
मग तिकीट मागितलं.
'मी बरा आहे,' म्हणाला. 'कुठे काय दुखतंय?'
दुखत नव्हतंच. तेच तर.

आता सकाळी काटा. एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम :
एवढा तो भरायला हवा.
कमी भरला तर दोन ग्लास वर,
जास्त भरला तर एक वगळायचा,
कारण गोळी पोटात गेली की पाणी बाहेरची वाट विसरतं
आणि डोक्यात मेंदू भिजल्या पावासारखा फुगतो.
हासमिकच्या चौकटीच्या वहीत तारीख, वजन, ग्लास.
पुतणीच्या लग्नातही ती पर्समधे वही घेऊन बसली होती,
टोस्ट मोजत.
माणसाचं पाणी जोखायला काहींना जन्म लागतो.
ती रोज न्याहारीआधी जोखते.

एकदा त्यानं विचारलं, 'कशी असते गं तहान?'
ती भांडी घासत होती. म्हणाली,
'कुणाचं तरी नाव ओठावर आहे
आणि आठवत नाही, तसं.'
मग म्हणाली, 'नाही. तसं नाही.'
आणि बराच वेळ एकच बशी घासत राहिली.

दुपारी नात शाळेतून येते. नारे, सात वर्षांची.
शाळेच्या कोपऱ्यावरच्या नळाशी दोघं थांबतात.
'पाणी धाकट्याचं,' तो म्हणतो,
जशी इथली रीत,
आणि बाजूला सरतो.
ती दोन्ही हात दगडावर टेकून पिते,
नाकात पाणी जातं, खोकते, पुन्हा पिते.
तिच्या गळ्याची ती वरखाली हालचाल
तो इतका निरखून पाहतो
की एखाद्याला वाटावं, शिकतोय.
मग वाकतो.
सात घोट. मोजून.

'बरं वाटलं ना?' बाहीला हनुवटी पुसत ती विचारते.
तो घड्याळ बघतो.
'चार वाजून पाच मिनिटं,' म्हणतो.